वेताळाची रिकामी फेरी

११ जानेवारी १९९८, रविवार

वालाच्या शेंगा सोलता सोलता आज कोंडीला विचारलं, "आठवतं का गं, आपण दोघी लहानपणी इथेच बसायचो?"

"इथं नाय, तिथं. भितीपाशी," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. नाशिकच्या कॉन्व्हेंटमधून नाताळच्या सुट्टीत मी घरी यायचे, तेव्हा नऊ वर्षांची असेन. कोंडीही तेवढीच, आमच्याकडे नुकतीच कामाला आलेली. आई टोपलीभर शेंगा पुढ्यात ओतायची आणि आम्ही दिवाणखान्यात, भिंतीवरच्या वेताळाच्या मुखवट्याखाली फरशीवर बसायचो. मी तिला इंग्रजीतले आकडे शिकवायचे. ती प्रत्येक मुठीतला पहिला दाणा भिंतीकडे सरकवून ठेवायची. मला वाटायचं, किती मुठी झाल्या ते ती लक्षात ठेवते आहे. पण शेवटी किती झाल्या विचारलं तर तिला सांगता यायचं नाही आणि मी हसायचे.

आजही तिने एक दाणा बाजूला ठेवला. त्रेपन्न वर्षांत एक सवय सुटत नाही माणसाची.

ही वही पुन्हा सुरू करण्याचं कारण म्हणजे डॉक्टर. हृदयाची एक झडप बिघडली आहे, मार्चअखेर मुंबईत ऑपरेशन. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मार्गारेट सांगायच्या, काही कळेनासं झालं की वही उघडा आणि निदान एक खरं वाक्य लिहा. आजचं खरं वाक्य : मला भीती वाटते.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी दहाला 'नीलदुर्ग' लागलं आणि आज चक्क वीज गेली नाही. मी, कोंडी आणि शेजारची मालू, तिघींची ठरलेली बैठक. मालूचे यजमान तहसील कचेरीत आहेत. ती घरून चहाचा थर्मास घेऊन येते आणि सबंध वेळ बोलते. मालिका हिंदी, त्यातही संस्कृताळलेली, त्यामुळे कोंडीसाठी मी मराठीत सांगत जाते.

नीलदुर्गचं काळभुज घराणं म्हणजे एकाहून एक कारस्थानी. राजमाता मंदाकिनी, तिचा दीर भैरवसेन, दोन राजपुत्र. यांच्या आजोबांनी शेजारच्या राजाला मेजवानीला बोलावून त्याची सावली चोरली आणि चंदनाच्या पेटीत कुलूपबंद केली. तेव्हापासून त्या राजाच्या कुळात कोणालाच सावली पडत नाही, आणि काळभुजांची भरभराट. आता घरातले सगळे एकमेकांना विष घालतात ते पेटी कोणाकडे राहणार म्हणून.

"ज्याची हाय त्याला देऊन का नाय टाकत?" कोंडीने विचारलं.

"मग मालिकाच संपेल की," मी म्हटलं.

मालू म्हणाली, "आणि मग रविवारी सकाळी आपण काय करायचं? आमच्या ह्यांचं तोंड बघायचं?"

कोंडी हसली नाही.

दुपारी सुदर्शन आला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. ठाण्याला असतो आणि गंमत म्हणजे याच मालिकेच्या कंपनीत व्यवस्थापनाचं काम बघतो. सोबत निशा नावाची चुणचुणीत मुलगी होती, मालिकेतल्या वस्तूंची जुळवाजुळव करणारी. भैरवसेन म्हणे आता कपटविद्या शिकणार, त्यासाठी त्यांना जुना, भयंकर दिसणारा मुखवटा हवा आहे. नवे केलेले खोटे दिसतात. सुदर्शनला आमचा वेताळ आठवला.

निशा त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला मी बोहाडा समजावून सांगितला. मोखाड्याकडच्या पाड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी देवादानवांचे मुखवटे लावून नाचतात. प्रत्येक मुखवट्याचा मान एकेका घराण्याकडे. एक एक सोंग मशालीच्या उजेडात फेरी घालतं, सांबळाचा जोडनगारा वाजतो. कोंडीच्या पाड्याचा बोहाडा मी एकदा पाहिला आहे, एकाहत्तर साली. शेवटच्या दिवशी उजाडताना एक फेरी होते त्यात सांबळ वाजतो, मशालवाला चालतो आणि त्याच्यामागे कोणीच नसतं. रिकामी जागाच फेरी घालते. लोक तिला हात जोडतात. मला ते इतकं भावलं होतं की मी सिस्टर मार्गारेटना पत्र लिहिलं : आमचे लोक न दिसणाऱ्या देवासाठीही जागा राखून ठेवतात.

"किती सुंदर," निशा म्हणाली. कोंडी तेवढ्यात कपबशा उचलून आत गेली.

२० जानेवारी

आज वेताळ ठाण्याला गेला. मोबदला मी नाकारला, फक्त नीट परत करा म्हटलं. सुदर्शनने स्टुलावर चढून त्याला उतरवलं. भिंतीवर मागे पांढरा गोल राहिला, चौपन्न वर्षांचा धूर आणि ऊन न लागलेला. मुखवटा गोधडीत गुंडाळताना मी गमतीने त्याच्या कपाळावर थोपटलं आणि म्हटलं, "ऊठ रे बाबा. जा, जग बघून ये."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. कोंडीच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं होतं. तिच्या हातून कधी काही पडत नाही.

सुदर्शनने जाताना काही कागद ठेवले आहेत. ऑपरेशनच्या विम्याचे म्हणाला, सावकाश सही कर. एवढ्या गडबडीत आत्याची काळजी करतो.

२४ जानेवारी

कोंडी चार दिवस बोलत नाही. भाजी अळणी. आज सकाळी म्हणाली, "पाड्यावर जाऊन येते." एवढंच. मला वाटतं, मुखवट्यावरून रुसली आहे. दर शनिवारी आंघोळ करून ओल्या केसांनी ती तो पुसायची आणि खिळ्याला फूल अडकवायची. तिला न विचारता दिला याचा राग आला असेल. विचारायला हवं होतं. पण वस्तू शेवटी आमच्या घरची.

वरचं शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतं आहे. का, ते कळत नाही. राहू दे.

३ फेब्रुवारी

घर रिकामं वाटतं. भिंतीवरच्या गोलाकडे पाहून नवशाकाकांची आठवण झाली. कोंडीचे वडील. दरवर्षी फाल्गुन लागला की सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरून चालत यायचे. बाहेर पायरीवर बसायचे, आत बोलावलं तरी यायचे नाहीत. बाबा, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, दारात खुर्ची टाकून त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आणि कोरं धोतर त्यांच्या हातात ठेवायचे. काका धोतर कपाळाला लावायचे, दारातूनच वेताळाकडे बघायचे आणि निघायचे. दोन घरांमधलं हे नातं मी मैत्रिणींना किती अभिमानाने सांगायचे. ना लेखी, ना करार, तरी माणूस दरवर्षी भेटायला येतो. काका गेल्यावर कोंडीचा भाऊ बुधा तीन वर्षं आला. मीच त्याला धोतर दिलं होतं. मग येईनासा झाला. जुनी माणसं गेली की ओलावा जातो, असं तेव्हा वहीत लिहिल्याचं आठवतं.

९ फेब्रुवारी

कोंडी परत आली. सोबत बुधा.

किती वर्षांनी पाहिलं. छातीचा भाता झाला आहे, दोन वाक्यांमध्ये दम घेतो. बापासारखाच पायरीवर बसला. मी लगबगीने कपाटातून धोतर काढून आणलं. त्याने ते घेतलं नाही. घडी मोडू नये इतक्या हळुवारपणे पायरीवर ठेवून दिलं.

"धोतर लय झाली, बाई. सहा बापाची अजून कोरी पडलीत." मग म्हणाला, "तो कवा येणार?"

"मुखवटा? शूटिंग संपलं की. का रे?"

"बोहाडा हाय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याची फेरी."

"पण त्या वेळी तर रिकामी..." मी म्हणाले आणि थांबले.

बुधाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत शिकवताना मंद मुलाला गणित सुटायची वाट बघत मी जशी उभी राहायचे, तसं.

पुढचं त्याने तीनदा दम घेत सांगितलं. चव्वेचाळीस साली बाबांकडे कोणी गोरा पाहुणा यायचा होता. त्याला दाखवायला म्हणून बाबांनी पाड्यावरून वेताळ मागवला. दोन दिवसांसाठी. नवशाकाकांनी स्वतः डोक्यावर आणून दिला. पाहुणा आला, गेला. तिसऱ्या दिवशी काका न्यायला आले तेव्हा भिंतीत खिळा ठोकलेला होता. बाबा म्हणाले, इथे शोभतो, राहू दे. आणि धोतर दिलं.

"दुसरा का नाही केलात?" मी विचारलं. हा प्रश्न विचारताना मला माझाच आवाज आवडला नाही.

"तो हाय ना. झिजला, मोडला, पाण्यात सोडला, मग दुसरा करायचा. तो असताना दुसरा कसा? म्हणून मग त्याची फेरी तशीच काढतो. रिकामी."

मला एकदम धाप लागली. कोंडीने पाणी आणलं. बुधा उठला आणि गेला. धोतर पायरीवर तसंच.

१० फेब्रुवारी

बाबा असे नव्हते. मला ताप आला की रात्रभर बसायचे. गावात साथ आली तेव्हा स्वतःच्या पैशाने डॉक्टर आणला होता. बुधा तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याच्या आठवणीत गोष्टी मिसळल्या असतील.

संध्याकाळी : बाबा असे होते. दोन्ही होते. पाहुणा आल्याचं मला आठवतं, मला चॉकलेट दिलं होतं त्याने. आणि त्याआधी ती भिंत मोकळी होती हेही आठवतं.

११ फेब्रुवारी

आज कोंडीला विचारलं, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बापाने सांगितलं होतं, मागायचं ते पायरीवरून. घरात राहून मागायचं नाय. ह्या घरचं खाल्लं."

"मग न्यायचास तरी. मी बारा-बारा वर्षं बदलीवर होते, किल्ल्या तुझ्याकडे असायच्या."

"चोरून नेला तर तो नाचत नाय. ज्याच्या घरात बसला त्याने ऊठ म्हणायला लागतं. तोंडाने. मगच तो उठतो." ती थांबली. "तुम्ही म्हणालात, ताई. त्या दिवशी. मी आत दूध तापवत होते. म्हटलं, म्हणाल्या. बापाला ऐकायचं होतं ते ह्या म्हणाल्या. बाहेर येऊन बघते तर त्या पोरीच्या हातात."

तिने खडा शोधला, फेकला.

नऊ वर्षांची पोर नवशाकाकांनी आमच्याकडे कामाला ठेवली. मला सगळे सांगत, बिचाऱ्यांना दोन वेळचं मिळत नव्हतं. तेही खरं असेल. पण आज पहिल्यांदा मनात आलं, की वेताळाजवळ आपलं कोणीतरी असावं म्हणूनही ठेवली असेल. मुठीतला पहिला दाणा त्याचाच होता. मला वाटत होतं कोंडी माझ्यासाठी राहिली. लग्न मोडून परत आली ती इथे, आई गेली तेव्हा माझ्याजवळ होती, माझ्या प्रत्येक आजारात होती. हे विचारायचं धैर्य आज झालं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

'नीलदुर्ग'मध्ये आमचा वेताळ आला. भैरवसेनाच्या हातात. सोनेरी झाला आहे. मूळ काळाशार रंग, त्यावरच्या लाल रेघा, सगळं झाकलं आहे. कपाळाला भोकं पाडून शिंगं बसवली आहेत. मालू म्हणाली, "अगं बाई, किती श्रीमंत दिसतोय आपला." मग कोंडीचं तोंड बघून चहा ओतायला लागली.

शेवटी पुढच्या भागांची झलक दाखवली. राजमाता मशाल उचलते, भैरवसेनाचा मुखवटा आगीत पडतो.

कोंडी म्हणाली, "जळल्यावर राख तरी देतील का? राख मिळाली तर नवा करता येतो."

ती हे शांतपणे म्हणाली, हे मी विसरणार नाही.

२३ फेब्रुवारी

एसटीडी बूथवर चार वेळा गेले. सुदर्शन म्हणतो, "आत्या, शांत रहा, तुझ्या तब्येतीला हे बरं नाही. लाकडाचा तुकडा आहे. तुला त्याहून छान पितळी काहीतरी आणतो. आणि त्या कागदांवर सही झाली का?" आगीचं शूटिंग गुरुवारी आहे. खरा जळला तरच खरं दिसतं, असं दिग्दर्शकांचं म्हणणं.

डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. उद्याची पहिली एसटी.

२५ फेब्रुवारी

झोपून लिहिते आहे. कोंडी सारखी वही काढून घेते.

ठाण्यापर्यंत साडेचार तास, पुढे रिक्षा. स्टुडिओ म्हणजे खाडीजवळचं मोठं पत्र्याचं गोदाम. आत नीलदुर्गचा दरबार. खांब पुठ्ठ्याचे, सिंहासनाखाली विटा. सगळं काळभुज घराणं दागिन्यांसकट प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वडापाव खात होतं. विष घालणारा राजपुत्र विष प्यालेल्या राजपुत्राला चटणी वाढत होता.

कोंडी थेट राजमातेपुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्ही त्या सावलीवाल्या ना?"

त्या बाई मराठीच निघाल्या. "हो मावशी."

"मग देऊन टाका की. माणूस उन्हात फिरतो बिचारा, सावली नाय."

"दिली तर माझं काम संपेल ना, मावशी."

"मग दुसरं काम बघा. हात-पाय धड आहेत."

सगळं घराणं हसलं. राजमाताही हसल्या, पण मग हातातला वडापाव तसाच धरून त्यांनी कोंडीला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, काय झालंय. कोंडीने सांगितलं. मी सांगायला लागले असते तर इंग्रजी शब्द घालून, बाबांना सांभाळून सांगितलं असतं. तिने पाच वाक्यांत सांगितलं.

निशाचा चेहरा उतरला. "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. सुदर्शन सर म्हणाले, तुम्हाला तो परत नकोच आहे." काहीतरी गैरसमज झाला असेल.

सुदर्शन आला, मला बाजूला घेऊन सगळ्यांसमोर लाज आणलीस म्हणाला. घराण्याची वस्तू एका कामवालीच्या सांगण्यावरून वाटायला निघालीस. त्याचे हात आडवे धरण्याची पद्धत, भुवई वर नेणं... बाबाच समोर उभे होते. मी साठी उलटलेली बाई, मला क्षणभर मान खाली घालावीशी वाटली. मग पाहिलं तर निशा आतून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येत होती. "मी कागदाच्या लगद्याचा करून घेते उद्यापर्यंत," ती म्हणाली. "आगीत कोणाला कळतंय?"

परतीच्या एसटीत तो आमच्या दोघींच्या मांडीवर अर्धा अर्धा होता. विक्रमगड सोडल्यावर कंडक्टर म्हणाला, "कलिंगड का, मावशी?" कोंडी म्हणाली, "माणूस हाय. तिकीट काढू का?"

ती इतकी हसली की मला तिचं नऊ वर्षांचं तोंड दिसलं.

८ मार्च

शिंगं काढली. सोनेरी रंग सुटत नाही. मी रॉकेलने पुसू का विचारलं तर कोंडीने हात धरला. ते काम पाड्यावरची माणसं करतील. तोवर वेताळ पाटावर, भिंतीकडे पाठ करून. खिळ्यावर परत टांगायला दोघींनाही नको वाटलं.

शेवटी विचारलं. "कोंडे, तो गेल्यावर तू पण जाशील?"

"बोहाड्याला जाईन."

"मग?"

"पहिल्यांदा आले ती त्याच्यासाठी. बापाने ठेवली म्हणून. मग काय, ताई, माणसाला आठवतं का कशासाठी राहिलो ते?"

हे उत्तर मला हवं होतं तसं नाही. पण खरं आहे, म्हणून लिहून ठेवलं.

१५ मार्च, रविवार

'नीलदुर्ग'मध्ये मुखवटा जळला. निशाचा लगदा छान पेटला. मालूने टाळ्या वाजवल्या. पाटावरच्या वेताळाला कोंडी म्हणाली, "बघ, मेलास बघ."

२४ मार्च, मंगळवार

उद्या पहाटे गाडी येईल. ऑपरेशन शुक्रवारी. शनिवारी पाडवा, रविवारी उजाडताना फेरी. मला ती दिसणार नाही. डॉक्टरांना तारीख पुढे ढकलता येते का विचारलं होतं, ते म्हणाले, बाई, तुमची झडप पंचांग बघत नाही.

सकाळी बुधा आणि त्याचा मुलगा रघु आले. रघु भिवंडीला बांधकामावर असतो, खास सुट्टी काढून आला. बुधा सवयीने पायरीवर बसला. मी त्याला आत बोलावलं. नाही म्हणाला. मग मीच बाहेर जाऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसले. इतकी वर्षं मी त्या पायरीवर कधी बसले नव्हते. तिथून दिवाणखान्याची नेमकी तीच भिंत दिसते.

"वेताळाची पावलं येतात का याला?" मी रघुबद्दल विचारलं.

"माझ्या बापाने मला शिकवली, मी ह्याला. तोंडाला सूप धरून. दरवर्षी, घरामागं."

"टेन्शन नका घेऊ, बाई," रघु म्हणाला. "सूप लावून पंधरा वर्षं प्रॅक्टिस झाली. आता फक्त डोळ्यांची भोकं कुठे येतात ते बघायचं."

मग कोंडीने आणि मी वेताळ उचलून उंबऱ्यापाशी आणला. शब्द एकच होता आणि तो एकदा मी थट्टेत वाया घालवला होता. कोंडी माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "फार उशीर झाला. ऊठ."

बुधाने दोन्ही हात पुढे केले. घेतल्यावर त्याने मुखवटा कपाळाला लावला आणि तसाच राहिला. छातीचा भाता वरखाली होत होता. आम्ही सगळे उन्हात उभे होतो. मग तो रघुला म्हणाला, "चल. जड हाय रं. बाप म्हणायचा तेवढा जड हाय."

रविवारी मोखाड्याला येऊन दवाखान्यात फोन करीन, असं रघु म्हणाला.

आता उरलेलं. हे पान मालूने मोठ्याने वाचावं आणि सगळ्यांनी ऐकावं. मी परत आले तरीही हे असंच राहील.

मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि विहिरीकडचं अंगण कोंडीचं. तिने तिथे राहावं, किंवा राहू नये, कोणी तिला विचारायचं नाही. वकिलांकडे तसा कागद काल करून दिला आहे. वालाची टोपलीही तिची.

टीव्ही मालूला. रविवारी दहा वाजता दार उघडं ठेवावं.

माझी इंग्रजी पुस्तकं आणि सिस्टर मार्गारेटची प्रार्थनेची वही मुलींच्या शाळेला. त्या पत्राचं काय करावं कळत नाही, न दिसणाऱ्या देवाबद्दलचं. सिस्टर वारल्यावर त्यांच्या सामानातून माझ्याकडे परत आलं होतं. ते जाळावं.

कपाटात अकरा कोरी धोतरं आहेत. बाबांनी एकदम आणून ठेवली होती. ती बोहाड्यात मशाल धरणाऱ्यांना द्यावीत, फाडून मशालींना गुंडाळली तरी चालतील.

सुदर्शन, तुझे कागद निळ्या पाकिटात आहेत. सही केलेली नाही. विम्याचे आहेत असं तू सांगितलं होतंस, काल मी ते वाचले; घर तुझ्या नावावर करायचे निघाले. तुला मी बाबांची खुर्ची देते. तीच, दारात टाकायचे ती. तिच्यावर बसून पायरीकडे बघ कधीतरी.

भिंतीतला खिळा रघुला. त्याने स्वतःच्या हाताने उपटून न्यावा.

भिंतीवर जो पांढरा गोल राहिला आहे त्यावर कोणी चुना मारू नये, तसबीर टांगू नये. तो कोणाला देत नाही. तो माझा.